शेवट सांगू नका

चाकणच्या त्या कंपनीत उद्धवरावांना ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि विमानांच्या त्या सिनेमाची गोष्ट त्यांनी ज्याला सांगितली नाही असाही नव्हता. कळंबकडून नवे नवे आलेले, चिंचवडला अप्रेंटिस असताना त्यांनी तो पाहिला होता. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, तरी चार वेळा पाहिला. लढाऊ विमान उलटं होऊन ढगात शिरतं तिथे पोटात कसा गोळा आला, हे ते हाताचं विमान करून दाखवत. दुसरा भाग येणार, येणार म्हणता म्हणता माणूस म्हातारा झाला. सावित्रीबाई म्हणायच्या, "एवढी वाट तुम्ही माझ्या बाळंतपणातबी पाहिली न्हाई."

अखेर सिनेमा लागला, तो शुक्रवारी. आणि आपल्याकडे सुट्टी गुरुवारची. सगळं जग रविवारी सिनेमा बघतं, आमची एमआयडीसी बघते तेव्हा तो शिळा झालेला असतो. तरणी पोरं शिफ्ट सुटल्यावर तेलकट कपड्यांतच जाऊन बघून आली. उद्धवरावांना मात्र आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून जायचं होतं. म्हणून शनिवारी कँटीनमध्ये उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "बघून आलात, चांगलं झालं. पण मला कुणी शेवट सांगितला तर त्याच्याशी आपलं बोलणं बंद."

झालं. त्या दिवसापासून ते ताट घेऊन टेबलाशी आले की बोलणं थांबायचं. कुणी वाटीतल्या भाजीकडे बघायचं, कुणी उगाच मीठ मागायचं. उद्धवराव मनातून खूश. "सांगू नका, सांगू नका," म्हणत हसत हसत जेवायचे.

त्या टेबलावर बसायचे त्यांचे चार ट्रेनी. डिप्लोमा करून आलेली पोरं. त्यात पिंपळे गुरवला मावशीकडे राहणारी वर्षाली सगळ्यात तरतरीत, आणि तिच्या मागोमाग गणराज. त्यांच्या शॉपचे, म्हणजे कारखान्यातल्या विभागाचे, मॅनेजर शेखर साहेब म्हणाले होते, "उद्धवराव, तुमची अठ्ठावन्न भरत आली. या मुलांना प्रेसवर डाय बसवायला तयार करा, मग तुमच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचं बघू." डाय म्हणजे प्रेसच्या यंत्रात पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा. तो बसवण्यात उद्धवरावांचा जन्म गेलेला. दुसरा कुणी असता तर त्याने पुरवून पुरवून शिकवलं असतं, आज चिमूटभर, दिवाळीला चिमूटभर. यांना ते सुचलंच नाही. जितकं लवकर शिकवू तितके साहेब खूश, असा यांचा हिशेब. भोळा सांब, दुसरं काय! हातचं काही न राखता चार-पाच महिन्यांत त्यांनी सगळं देऊन टाकलं. सावित्रीबाईंनी गावी जायचा विषय काढला की म्हणायचे, "दोन वर्षं त्याचं नाव काढू नको. मोशीच्या दोन खोल्यांत, न्हाईतर गावच्या ओट्यावर, दिवसभर बसून मी करू काय?" कामावाचून आपलं काय होईल, या विचारानेच त्यांना धडकी भरायची.

गुरुवारी वर्षाली आणि गणराज त्यांना सिनेमाला घेऊन गेले. दोघांचा बघून झाला होता. "तुमच्याबरोबर पुन्हा बघतो, काका," वर्षाली म्हणाली. उद्धवरावांना केवढं बरं वाटलं.

दारात तपासणीला उभ्या असलेल्या बाईने वर्षालीची बॅग उघडली. आतून नारळ निघाला. मग शाल निघाली, मग ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार.

"नारळ आत चालत नाही," ती बाई म्हणाली.

उद्धवराव हसले. "काय गं पोरी, सिनेमातल्या पायलटचा सत्कार करायलीस का?"

वर्षालीचा चेहरा पडला. "काका, मंगळवारी साहेबांनी तुम्हाला सांगितलं ना?"

"काय सांगितलं?"

गणराज शाल परत बॅगेत कोंबायला लागला.

मंगळवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं होतं, हे खरं. चहा पाजला. गुडघ्यांची चौकशी केली. सिनेमा कधी बघताय विचारलं आणि म्हणाले, "बघून या, मग निवांत बोलू." तेवढीच त्यांची हिंमत. पोरांना मात्र शनिवारीच सांगून मोकळे झाले होते, की काका महिनाअखेर रिटायर, मुदतवाढ नाही; तुम्ही तयार झालात, आता त्यांची गरज नाही. वर्षालीने हे अडखळत, 'गरज' हा शब्द गिळत सांगितलं.

"म्हंजे कँटीनमध्ये तुम्ही गप बसायचात ते..."

"तुम्ही हसायचात, काका. मग वाटलं, साहेबांनी सांगितलंय आणि तुम्ही मनाला लावून घेतलं नाही."

उद्धवरावांच्या अंगाची लाही लाही झाली. नोकरी गेली ते गेलीच, पण आठवडाभर आपण ताट घेऊन या लेकरांसमोर दात काढत होतो! सगळ्या शॉपला ठाऊक, आणि आपणच त्यांना दटावतोय, सांगू नका म्हणून. मागची माणसं पुढे सरका म्हणायला लागली. नारळ दारातल्या टेबलावर राहिला. पॉपकॉर्नच्या काउंटरशेजारी वर्षालीने शाल घातली, हार घातला, गणराजने फोटो काढला. उद्धवरावांनी हात जोडले. दुसरं करणार तरी काय?

सिनेमा सुरू झाला. पडद्यावरचा पायलटही म्हातारा झाला होता. वरचे अधिकारी त्याला म्हणाले, तुझा काळ संपला, घरी जा. उद्धवरावांना वाटलं, नशीबवान आहे लेकाचा. त्याच्या तोंडावर सांगितलं.

मध्यंतरानंतर पोरांची विमानं शत्रूच्या डोंगरात अडकली आणि तेच अधिकारी म्हाताऱ्याच्या दारात आले. शिट्ट्या पडल्या. विमान उलटं होऊन ढगात शिरलं. उद्धवरावांच्या पोटात काहीही झालं नाही. ज्याची एवढी वर्षं वाट बघितली तो क्षण आला आणि गेला, आणि ते शालीने घाम पुसत बसले होते. वर्षाली भरल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत होती. त्या घडीला त्यांना तिचा मनस्वी राग आला. कुणी बोलवायला येत नसतं, हे हिला कोण सांगणार?

पार्किंगमध्ये त्यांनी मनाशी ठरवलं, साहेबांशी भांडायचं नाही, पण उरलेल्या दिवसांत या पोरांना एक अक्षर शिकवायचं नाही. मरा म्हणावं.

वर्षाली हेल्मेट हातात घेऊन घुटमळली. "काका, आज विचारू नये. पण ती दाराच्या पत्र्याची डाय बसवली की पत्र्याच्या कडेला सुरकुती येतीय. उद्या साहेब ओरडतील मला."

"तेल कुठं लावतीस?"

"सगळीकडे."

"तिथंच चुकतीस. कडेला पुसून घे. आन् पहिले पत्रे हळू चालव. डाय गरम होऊ दे, मग कड दाबायचा नट आवळ. आधी न्हाई." बोलता बोलता त्यांनी हार काढून गाडीच्या हँडलला अडकवला आणि दोन्ही हातांनी, हवेतच, नट किती आवळायचा ते दाखवलं. एकदा नव्हे, दोनदा दाखवलं. तिने करून बघितलं. त्यांनी तिचं मनगट धरून सुधारलं.

"आलं लक्षात," वर्षाली म्हणाली. "अजून काही राहिलंय का, काका?"

उद्धवरावांचे हात हवेतच थांबले. त्यांनी खरोखरच आठवून बघितलं.

"न्हाई पोरी," ते म्हणाले. "झालं सगळं."