मिठाच्या परातीवर उघडलेली किल्ली

हसायचं असेल तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. किस्सा मयतीतला आहे, आणि त्यातली फजिती एकट्या माझी आहे.

दुष्काळाचा उन्हाळा होता. मी नांदेडला. सकाळीच लातूरहून माझ्या चुलतभावाचा, बसूचा फोन आला. "दादा, आई गेली." नात्यानं माझी काकू, पण माझी आई लवकर गेली आणि मला हिनंच वाढवलं. बसू थोडा वेळ नुसता हुंदके देत राहिला. मग म्हणाला, "येताना पाणी घेऊन ये."

सांगा, मयतीला असा निरोप कधी ऐकलाय का? लोक हार घेऊन जातात. मी डिकीत चार कॅन भरून निघालो.

ते चार कॅन रडायला आलेल्यांना प्यायलाच संपले. ऊन तसंच होतं, कोणाला नाही म्हणणार? आम्ही लिंगायत. आमच्यात मयताला आंघोळ घालतात, भस्म लावतात आणि बसवून पुरतात. काकू भिंतीला टेकून बसलेली, स्वामी आलेले, मळ्यात खड्डा तयार, आणि घरात आंघोळीपुरतं पाणी नाही! टँकरचा पत्ता नव्हता. ओट्यावर म्हातारी मंडळी उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडत होती. शेवटी शेजारचे मन्मथअप्पा कडाडले, "जिल्हा होऊ द्या न्हाईतर न्हाई होऊ द्या! हितं बाईला न्हाऊ घालायला घागर न्हाई, आन तुमचं काय चालू हाय?"

चाकूर रस्त्याला बसूच्या मित्राचा बोअर होता. त्याला अजून करंगळीएवढी धार होती.

"दादा, तुझी गाडी हाय. जल्दी जाऊन ये," बसू म्हणाला. "दिवस बुडायच्या आत माती द्यायची हाय."

एवढं एकच काम माझ्याकडं आलं. काकूसाठी शेवटचं.

मी रिमोट दाबला. गाडी ढिम्म. परत दाबला. काही नाही. सेल गेलेला. मग किल्लीनं दार उघडलं, तर गाडीनं असा भोंगा लावला की आत रडणाऱ्या बाया गप्प झाल्या! किल्ली लावून गाडी सुरू केली असती तर तो गप बसला असता, हे शहाणपण मला आज आहे. तेव्हा मी घाबरून दार परत लॉक केलं आणि चोरासारखा ओट्यावर येऊन बसलो.

"सेल बदलावा लागंल," मी जाणकारासारखं बोललो.

कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आला. आता किल्ली उघडायची. आतलं काही बारीकसारीक पडून हरवू नये म्हणून मी काय केलं असेल? ओट्यावर मोठी परात होती, खड्ड्यात घालायचं मीठ भरलेली. पांढऱ्या मिठावर काळं काही पडलं तर लगेच दिसेल ना! म्हणून परातीवर धरून नाण्यानं किल्ली उकलली, जुना सेल काढला, नवा बसवला आणि खटकन बंद केली. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

रिमोट दाबला. टुकटुक! लाइट चमकले. मी विजयी मुद्रेनं गाडीत बसून किल्ली फिरवली.

इंजिन नुसतं घरघरलं. सुरू होईना. समोर किल्लीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकत होता.

बसूनं मोबाईलवर व्हिडिओ शोधला. "दादा, सेल बदलला की रिमोट गाडीला पुन्हा शिकवावा लागतो म्हने."

"मग शिकवू की!"

किल्ली चालू कर, बंद कर. दार उघड, लाव. परत उघड, परत लाव. बटण दाबून धर. ज्याची आई आत भिंतीला टेकून बसली होती, तो बाहेर मला सांगत होता, "आता हॉर्न वाजला तर बरोबर हाय." हॉर्न वाजला. मोठ्यानं वाजला. दिवा मात्र लुकलुकतच राहिला. परत पहिल्यापासून!

मन्मथअप्पा काठी टेकत आले. "काय करून राहिला रे? मयत हाय का वरात?"

"अप्पा, प्रोग्रामिंग करून राहिलो."

"कशाचं?"

ऊन उतरायला लागलं होतं. अप्पांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि ते गल्लीत गेले.

त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या प्रत्येक दाराशी पाण्याचा ड्रम असायचा आणि प्रत्येक ड्रमला कुलूप. पाण्यावरून सख्ख्या जावा बोलायच्या बंद झाल्या होत्या. अप्पांच्या बायकोनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि कळशी भरली. मग समोरची उठली. मग तिच्या पलीकडची. कोणी तांब्या, कोणी अर्धी बादली. प्यायचं पाणी होतं हो ते! काकूची आंघोळ त्यावर झाली. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडलो. एवढं एक काम होतं, तेही माझ्याच्यानं झालं नाही.

दिवस बुडायच्या आत मळ्यात नेलं. बेलाची पानं, भस्म आणि मीठ घालायची वेळ आली. निदान हे तरी नीट करू म्हणून मी परातीतली मूठ भरली. हाताला काहीतरी लागलं. तांदळाच्या दाण्याएवढा काळा खडा होता. काकूला टोचायला नको म्हणून मी तो मायेनं निवडून काढला आणि लांब भिरकावून दिला.

दुसऱ्या दिवशी माझी बायको एसटीनं आली. तिनं येताना घरातली दुसरी किल्ली आणली होती. किल्ली लावली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू!

बसू बुचकळ्यात पडला. आम्ही दोन्ही किल्ल्या उघडून शेजारी ठेवल्या. दुसरीत एका कोपऱ्यात, गाडी जिच्यावरून आपली किल्ली ओळखते ती काळी चिप होती. तांदळाच्या दाण्याएवढी. माझ्या किल्लीत तो कोपरा रिकामा.

मी तडक मळ्यात गेलो.

समाधीच्या आसपास गुडघ्यांवर रांगत ढेकूळ न् ढेकूळ हातानं चाचपत होतो. काकू शेजारीच होती, आणि तिच्याशी कालपासून धड एक शब्दसुद्धा बोललो नव्हतो. तेवढ्यात मन्मथअप्पा तिथं आले. मला मातीत लोळताना पाहून त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. बरोबरच्या माणसाला म्हणाले, "काल मी ह्याला उगं बोललो. बगा, पोटचं पोर घरी बसलंय, आन पुतन्या मातीला कवटाळून राहिला. लई जीव होता ह्याचा."

काय सांगणार होतो मी? डोळ्यांत पाणी तर खरंच आलं होतं.

फक्त चिप अजून सापडली नव्हती.