टाचेखालचा कागद

चार वर्षं सिग्नलला पायाच्या बोटांवर बाईक तोलून शेवटी मी कळंब्याच्या रस्त्यावरच्या सीट शिवणाऱ्याकडं गेलो. त्याचं नाव मी विचारलं नाही, त्यानंही माझं विचारलं नाही. त्यानं आधी माझे पाय बघितले.

"पावणं, सिग्नलला एका पायावर नाचतायसा न्हवं?"

मी बुटका आहे हे इतक्या आनंदानं मला कुणी सांगितलं नव्हतं. मला गाडीवर बसवून त्यानं माझ्या टाचेखाली वर्तमानपत्राचा तुकडा सरकवला आणि ओढला. तो अलगद निघाला. मग त्यानं सीटचा पुढचा फोम वरून न कापता दोन्ही कडांनी तासला.

"उंची न्हाय, रुंदी नडतीया. मांड्या फाकल्या की पाय आखूड पडत्यात."

पुन्हा कागद ओढला, तो टाचेखालीच फाटला. गडी खूश! मी निघालो, तर हा गाडीला आडवा.

"मागं कोण बसतंय?"

"आई."

"मग घेऊन या की. अर्धी सीट त्यांची हाय."

दुसऱ्या दिवशी आई गाडीवर नेहमीसारखी एका अंगाला बसली. त्यानं फूटरेस्टवर, तिच्या चपलेखाली कागद सरकवून ओढला. तो अलगद निघाला. चार वर्षं ती माझ्यामागं पाय लोंबकळते ठेवून बसली होती.

"अगं, बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, मागं बसायचं म्हंजे असंच असतंय."

त्यानं सुरी उचलली आणि मागचा फोम उतरवला. परतताना कळंब्याच्या तलावापाशी आईनं माझ्या पाठीत बुक्की घातली.

"आता जरा दामट की!"