पेनिनाबाईंची मशीद

१९८४च्या ऑगस्टमध्ये पेनिनाबाई झिराडकर अमेरिकेत आयसेलिनला लेकीच्या स्वयंपाकघरात वाल सोलत बसल्या होत्या. जेरुसलेमचे मंदिर पडले आणि यहुदी देशोधडीला लागले, त्या दिवसाचा उपास कोकणातले बेने इस्राएल बिरड्याने सोडतात. त्यांच्यात त्या दिवसाचे नावच बिरड्याचा सण. नात याएल येत्या ऑक्टोबरात तेरा वर्षांची होणार होती. तिने भर प्रार्थनेत धर्मग्रंथ वाचायचा, म्हणून सिनेगॉगच्या समितीतल्या एक बाई अर्ज भरून घ्यायला आल्या होत्या.

"लहानपणी प्रार्थनेला कुठे जायचात?" त्यांनी विचारले.

"मशिदीत," साल काढता काढता पेनिनाबाई म्हणाल्या. "दर शनिवारी, न चुकता."

बाईंचे पेन क्षणभर थबकले, मग भराभर चालले.

आठवड्याने पत्र आले. यहुदीपण आईकडून मुलीला मिळते. आजीविषयीच शंका, तर लेक आणि नातही शंकेत. तिघींनी विधिपूर्वक स्नान करून धर्मात प्रवेश घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटेल.

"आई, सरळ सिनेगॉग म्हणायला काय झालं होतं?" लेक हन्ना कडाडली.

"अगं, आमच्या आळीत लहानथोर सगळे मशीदच म्हणत. तुझ्या मामाची सुंता त्याच मशिदीत झाली!"

शेजारची शरयू चहा घेत होती. "काकू, नशीब देऊळ नाही म्हणालात. आमच्या गणपतीच्या कमिटीत घेतलं असतं तुम्हाला!"

हन्नाला हसू आले नाही.

पेनिनाबाई स्वतः सिनेगॉगच्या धर्मगुरूंना, रब्बींना भेटल्या. आजोबांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे, हे सांगितले. पूर्वजांचे गलबत फुटले, ग्रंथ बुडाले, भाषा गेली. पण 'शेमा' ही एकच प्रार्थना तोंडी राहिली आणि तिच्यावर पिढ्यानपिढ्या निभावल्या, हेही सांगितले.

रब्बींनी मान खाली घालून सारे ऐकले. "माझ्या वडिलांच्या गावची नोंदवही महायुद्धात माणसांसकट जळाली," ते म्हणाले. "उरलेल्या अकरा जणांनी इथे येऊन ही वास्तू उभी केली. आता आम्ही कागदाशिवाय पाऊल टाकत नाही. तुमच्याकडे काही कागद?"

लग्नाचा करार अलिबागच्या घरात वाळवीने खाल्ला होता. त्यांनी इस्राएल आळीतल्या थोरल्या चुलतभावाला पत्र टाकले. सहा आठवड्यांनी ते पाकीट जसेच्या तसे परत आले. शेरा होता : घर बंद, मंडळी इस्राएलला गेली. जिथून साक्ष यायची, तिथले साक्षीदारच मायदेशी परतले होते. रब्बींवर रागवावे, तर तेही आपल्यासारखेच उजाड झालेल्या गावचे.

"नाही जायचं आपण," हन्ना म्हणाली. "जे सोडलंच नाही, त्यात प्रवेश कसला?"

वाचनासाठी महिनाभर पाठ केलेला उतारा याएलने त्या रात्री म्हटला नाही. दुसऱ्या दिवशी पेनिनाबाईंनीच फोन करून स्नानाची वेळ घेतली.

थोरली म्हणून त्या आधी स्नानकुंडात उतरल्या. छातीपर्यंत कोमट पाणी, कडेला टॉवेल धरून उभी असलेली वृद्ध सेविका. तीन बुड्या झाल्या.

"आता शेमा. माझ्यामागून म्हणा."

मागून कशाला? आजोबा घाण्याच्या बैलाला थोपटत ज्या चालीत म्हणत, त्याच चालीत पेनिनाबाईंनी डोळ्यांवर हात ठेवून ती म्हटली : "शेमा इस्राएल, अदोनाय..."

"अदोनोय," सेविकेने देवाच्या नावाचा उच्चार मायेने दुरुस्त केला. "आमच्याकडे अदोनोय म्हणतात. पुन्हा एकदा."

दारापलीकडे याएल केस मोकळे सोडून आपली बारी यायची वाट बघत होती. तिची सावली दाराखालच्या फटीतून दिसत होती.

पेनिनाबाईंनी तोंडावरचे पाणी निपटले आणि सांगितले तसे पुन्हा म्हटले.