पाय दुसऱ्यानं बघायचे

लग्नघराच्या दारात जोडे साचतात तसे हे किस्से साचलेत. आम्हा धारच्या मधुमेहवाल्यांचा देवळाच्या ओट्यावर अड्डा असे. मी दरबारच्या पागेतला, शिक्षण दोन बुकं. ऐकायचं तर ऐका, नाही तर उठा!

* * *

केशवराव चोपदार. जन्मभर दरबारात ललकाऱ्या दिल्या. आता नजर धूसर, पाय बधिर. एकदा पंगतीहून घरी आला तर चुन्याची चांदीची डबी गायब! बायकोवर ओरडला, शेजाऱ्याला चोर म्हणाला. निजायच्या वेळी जोडा काढला, तर डबी आत! अख्ख्या गावातून हा तिच्यावर पाय देत चालत आला होता.

म्हणतो कसा, "मग पायानं ललकारी का नाही दिली?"

* * *

त्या पायाला जखम झाली. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि आरसा घेऊन डोळ्यांत बघायला लागले. केशवराव भडकला, "डॉक्टर, जखम खाली आहे!"

"या रोगात डोळे नि पाय जुळी भावंडं आहेत चोपदार. एक बिघडलं की दुसरं तपासायचं. तुम्हाला दिसत नाही, म्हणून पाय रोज दुसऱ्यानं बघायचे. हयगय केलीत तर पाय कापावा लागेल."

"माझे गुडघेपण बघून घ्या मग. ते थोरले भाऊ!"

* * *

बाळाजीपंत देवासचे. तिथं एका गावात दोन राज्यं, थोरली पाती नि धाकटी पाती. पंतांचा डोळ्यांचा वैद्य थोरल्या पातीत, पायाचा धाकट्या पातीत. हा म्हणे तळव्याला तूप चोळा, तो म्हणे तुपाचं नाव काढू नका!

पंत वैतागले, "राजांनी गाव वाटून घेतलं, रोग मात्र अख्खा माझ्याकडे ठेवला!"

* * *

मग आम्ही ओट्यावर रोज एकमेकांचे पाय मांडीवर घेऊन बघायला लागलो. पागेत घोड्यांचे खूर बघायचो, तसंच. दूधवाला थबकला, "काकासाब, यो कई करी रिया हो?"

मी म्हटलं, "ज्योतिष! हात सगळेच बघतात भिया!"

दुसऱ्या दिवशी एक बाई पाय धुऊन हजर. पोरीच्या लग्नाचा योग विचारायला!

* * *

आमच्या घरातही तोच रोग. हिचे डोळे पार गढूळ झालेले. पण पाय दाखवील तर शपथ! "नवऱ्यानं पायाला हात लावायचा? पाप कुठं फेडू?" सून माहेरी, बघणार कोण?

एका सकाळी सारवलेल्या जमिनीवर रक्ताचे ठिपके दिसले, देवघरापासून चुलीपर्यंत. हिला पत्ता नाही! डॉक्टरांचे 'पाय कापावा लागेल' हे शब्द कानात.

ही जपाला बसली होती. मी गुपचूप वाकलो आणि पाऊल धरलं. टाचेत बाभळीचा काटा, हा एवढा!

"कोण, सदू का रे?" सदू म्हणजे देवासचा माझा पुतण्या, अधूनमधून येतो. मी काटा चिमटीत धरला.

"औक्षवंत हो! फक्त काकांसारखा खडूस होऊ नकोस. जन्मभर घोड्यांशी बोलले, माझ्याशी दोन शब्द नाहीत."

मी दात आवळून काटा उपसला. जखम धुतली, पट्टी बांधली.

हिनं जपमाळ खाली ठेवली. म्हणाली, "मला काही दिसत नाही. आणि जे दिसलंच नाही त्याचं पाप कसलं? घ्या, आता दुसरा पायही बघा."