बाबारावच्या रक्ताचा वेग

सिरसाळ्याहून फोन आला, "मास्तर, बाबाराव गेले. सत्कारातच कोसळले." मला आधी रडू नाही, संताप आला. शाळेपासूनचा मित्र, गावचा पुढारी, आणि निव्वळ हट्टाने मेला. महिना उलटला तरी तो संताप उतरलेला नाही.

उन्हाळ्यात त्याचा उजवा हात दोनदा बधिर झाला, बोलणं बोबडं झालं... बीडला मानेच्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय केला. यंत्रात पडून राहणं त्याच्या जिवावर आलं, कारण तिथे नमस्कार करायला कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे जाणारी डावीकडची वाहिनी एका जागी फार अरुंद झालीय, तिथे रक्ताचा वेग खूप वाढलाय, ऑपरेशन करून घ्या. बाबारावने त्यातला फक्त वेग उचलला. बाहेर कार्यकर्त्यांना म्हणाला, "बघा बे, या वयात आपलं रक्त कसं पळायलंय!" त्यांनी लगेच हार घातला. आमच्याकडे पुढारी दवाखान्यातून बाहेर पडला की हार पडतो, आणि हार पडलेला माणूस आजारी राहत नाही.

मी जन्मभर विज्ञान शिकवलेलं. त्याच्या अंगणात बसून सांगितलं, की ते यंत्र चुंबकाचा धक्का आधी एका दिशेने देतं, मग उलट. जागच्या मांसात दोन्हींची फिट्टंफाट होते. वाहतं रक्त तोवर पुढे सरकलेलं असतं, त्यात बाकी उरते. जेवढी बाकी, तेवढा वेग. मग पाण्याचा चालू पाइप उचलून त्याच्या तोंडाशी अंगठा दाबला. धार कुंपणापर्यंत उडाली. "जोर लई हाय, पण बादली भरंल का?" मी विचारलं.

"मास्तर, तुमी आता गुमान पेन्शन खा," तो म्हणाला. सगळे हसले, आणि ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

परवा त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो. बैठकीच्या खिडकीला ती एमआरआयची फिल्म चिकटवलेली. बाबारावचा धाकटा भाऊ, येईल त्याला, दादांच्या रक्ताचा वेग दाखवत होता. बाबारावची बायको, सुमनवहिनी, चहा घेऊन आली. पुरुषांत ती कधी थांबत नसे, त्या दिवशी थांबली.

"भाऊजी, कुठं अडलंतं ते दावा."

मी दाखवलं. तिने तिथे करंगळी टेकवली. करंगळीखाली सगळी जागा झाकून गेली.

"एवढुसंच? मला तर म्हनले, रक्त लई चांगलं हाय..." ती फिल्मकडेच बघत होती. "सत्कारात बोलता बोलता ह्यांची जीभ अडली. मला वाटलं, गहिवरून आलं. मी टाळ्या वाजवायलते, भाऊजी."