कर्मचारी क्रमांक

आमच्या ऑफिसात छळाच्या तक्रारीसाठी नवं ॲप आलं. साफसफाई करणाऱ्या सुनंदाताईंनी दुपारी मोबाईल माझ्यापुढे धरला. सुपरवायझर स्टोअररूममध्ये हात धरतो, एवढंच त्यांना लिहायचं होतं. ॲप आधी कर्मचारी क्रमांक मागत होतं. कंत्राटी कामगारांना तो नसतोच. काहीही टाकलं तरी लाल अक्षरांत 'अवैध'.

"म्हणजे मी इथं कामालाच नाही का?" ताईंनी विचारलं.

माझं डोकंच फिरलं. माणसाचं दुःख ऐकायच्या आधी त्याचा नंबर विचारायचा, ही कुठली रीत? ताईंना घेऊन मी तडक तक्रार समितीच्या मॅडमकडे गेले.

"ॲपवर टाका ना," मान वर न करता त्या म्हणाल्या.

मी खुर्ची ओढली. "बसा ताई. मॅडम हातानं लिहून घेतील."

ताई बसल्या. मॅडम पेन शोधू लागल्या.