शंभर दाणे आणि दुसरी डिस्क

कर्जतच्या बाजारात हातगाडीवर भाताचं बी विकत मी वर आलो. पिशवीत तळापर्यंत हात घातल्याशिवाय कधी काही घेतलं नाही. घेतलं असेल तर एकच, कॉम्प्युटर.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे तो पळसदरीच्या रस्त्यावरच्या माझ्या गोदामात आला. कोणतं पोतं कोणत्या शेतातलं, उगवण किती, सगळं त्यात. डिस्क दोन होत्या. एकीवर लिहिलेलं दुसरीवर आपोआप उतरायचं, म्हणजे एक मेली तरी नोंदी शाबूत. ही उतरवणी मशीनमधली सिस्टीमच करत होती.

दोन वर्षांनी, रोहिण्या, म्हणजे भातपेरणी, पंधरा दिवसांवर असताना, पहिली डिस्क खरखरायला लागली. मुंबईहून कंपनीचा इंजिनीअर आला. नवी डिस्क घ्या म्हणाला. मी नाही म्हटलं. मग त्याने सिस्टीमचं नवं व्हर्जन चढवलं. आतला गाभाच बदललाय म्हणाला, कर्नेल की काय ते. तो गेला आणि शंभर नोंदी लिहून लेबलं काढायचं चाळीस मिनिटांचं काम सत्तरवर गेलं. लेबलाशिवाय पिशवी विकता येत नव्हती, आणि रोहिण्या माझ्यासाठी थांबणार नव्हत्या.

मला वाटायचं ते वाटलंच. डिस्क घेतली नाही, म्हणून याने मशीनचे पाय बांधले.

त्याला परत बोलावलं. "काय रं, भिजवलेलं भात वजनाला लावतोस मला?"

"नाही शेठ. नवं व्हर्जन दोन्ही डिस्कांवर लिहून होईपर्यंत थांबतं."

"आणि जुनं?"

तो चष्मा पुसायला लागला. सौद्यात चष्मा पुसणाऱ्यावर मी कधी भरवसा ठेवला नाही. तिथल्या तिथे जुनं व्हर्जन पुन्हा चढवायला लावलं. त्याच शंभर नोंदी, लेबलं काढणारी तीच ऑपरेटर, माझं घड्याळ. बरोबर चाळीस.

"पकडला!" मी टेबलावर हात आपटला.

ऑपरेटर लोधिवलीहून यायची, बोलायची कमी. मान वर न करताच म्हणाली, "शेठ, बियाची उगवण बघाया तुमी वल्ल्या गोणपाटात शंभर दाणे लावता. दुसऱ्या डिस्कला कधी लावलेत का?"

मी उठलो. कर्जतला लाइट विचारून जात नाही. म्हणून जुन्या व्हर्जनवरच पुन्हा शंभर नव्या नोंदी भरायला लावल्या आणि शेवटची 'लिहिली' असं पडद्यावर येताच मेन स्विच खाली ओढला.

"शेठ, नको!" इंजिनीअर ओरडला.

पहिली डिस्क बंद ठेवून एकट्या दुसरीवर मशीन चालू करवलं. नोंदी मोजल्या. शहाऐंशी. पडद्याने शंभर सांगितल्या होत्या. नव्या व्हर्जनवर तेच केलं, तसाच स्विच ओढला. शंभरच्या शंभर.

"म्हणजे दोन वर्षं दुसरी डिस्क मागे राहत होती?"

"लाइट गेली की राहायची," तो म्हणाला. "जुन्यात थांबायचं की नाही ते ठरवता यायचं. मशीन घेताना तुम्हीच म्हणालात, उभं राहिलेलं मशीन मला चालणार नाही. म्हणून आमच्या सरांनी ते थांबणं काढून टाकलं. नव्यात ती सूट नाही."

आठवलं मला. तासभर घासाघीस करून तो वेग मी मागून घेतला होता.

नवं व्हर्जन राहिलं, आणि दुसरीवर राहून गेलेल्या नोंदी आधी उतरवून घेतल्या. पहाटेपासून लेबलं काढत बसलो. तरी चार जुनी गिऱ्हाइकं कंटाळून खोपोलीला गेली. आठवड्याभरात पहिली डिस्क बंद पडली, आणि उरलेली लेबलं दुसरीवरून निघाली, एकही नोंद न चुकता. इंजिनीअरला नवी डिस्क पाठवायला सांगितली. आभार मानले नाहीत.

मी मागितलं ते कंपनीने दिलं, कबूल. पण जुनं बी मागणाऱ्या गिऱ्हाइकालाही मी तोंडावर सांगतो, बाबा, हे उगवायचं नाही. मला तसं एकानेही सांगितलं नाही.